दापोली-मंडणगड-खेडसाठी वेगळं श्वान पथक हवं की नको?

रायवळ
गेल्या महिन्यात माझ्या काकूचं बंद घर फुटलं. काकू मुंबईला लेकाकडे. सकाळी शेजाऱ्यांना कडी उचकटलेली दिसली. पोलीस लगेच आले, श्वान पोचलं दुपारी तीननंतर. यात कुणाची कुचराई नाही. श्वान येणार रत्नागिरीहून आणि खेड-चिपळूणमार्गे ते अंतर दीडशे किलोमीटरच्या घरात आहे. मागच्या पडवीतून ते काजूच्या बागेत शिरलं, डांबरी रस्त्यापर्यंत गेलं आणि तिथेच घुटमळलं. 'श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले' ही ओळ आपण पेपरात किती वर्षं वाचतोय!

माझं म्हणणं, तिन्ही तालुक्यांत मिळून निदान दोन श्वान कायम असावेत. एक माग काढणारं, एक अमली पदार्थांचं. आमच्या वाडीतली निम्मी घरं गणपती आणि शिमगा सोडला तर उघडतच नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली, सगळी मिळून २०० किलोहून जास्त. पुळणीवर, सुरूच्या बनात माणसं काठीने उकरत फिरत होती. खैराची चोरटी तोड आणि खवले मांजराची शिकार तर बाराही महिने चालू असते. निवेदन लिहायला घेतलंय. मतं सांगा.

निवृत्त हवालदाराची लेक
दादा, काकूंचं वाईट वाटलं. तरी माझा विरोध आहे.

माझे बाबा दुसऱ्या जिल्ह्यात अकरा वर्षं श्वान हस्तक, म्हणजे पथकातलं कुत्रं सांभाळणारे पोलीस, होते. पथक म्हटलं की लोकांना कुत्रा दिसतो, मला बाबांचं वेळापत्रक आठवतं. पहाटे साडेपाचला खरारा, मग मैदान, मग वासाचा सराव. तो एकही दिवस चुकवायचा नाही. आठवडाभर सराव नसला तर शिकलेलं कुत्रं ढिलं पडतं. एका श्वानामागे दोन हस्तक लागतात, कारण एक रजेवर गेला तरी कुत्र्याला रजा नसते. पुण्याला सीआयडीच्या केंद्रात कुत्रा आणि माणूस दोघे मिळून महिनोन्महिने शिकतात, तिथेच त्यांची जोडी जमते. बाबांची बदली झाली तेव्हा आमच्या लॅब्राडॉरने तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

आता तालुक्याचं ठाणं बघा. आहेत ती माणसं बंदोबस्तालाच पुरत नाहीत. हस्तकाला सभेच्या ड्यूटीला पाठवतील आणि कुत्रा पिंजऱ्यात बसेल. आपल्या दमट हवेत गोचीड सुटत नाही, त्यातून ताप येतो. फुरसं आहेच. बिबट्या तर अंगणातून कुत्रं उचलतो, म्हणजे घर पक्कं आणि चारी बाजूंनी बंद हवं. हे सगळं कोण करणार, हे आधी लिहून द्या, मग मी सही करते.

चाकरमानी परळचा
ताई, अडचणी असतातच, म्हणून गोष्ट सोडून द्यायची का? मुंबई पोलिसांचं पथक १९५९ मध्ये तीन डॉबरमनवर सुरू झालं. १९९३ च्या स्फोटांनंतर त्याच पथकातल्या झंजीर नावाच्या कुत्र्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं. त्या वेळची स्फोटकं शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती आणि शेखाडी म्हणजे बाणकोटच्या खाडीपलीकडचा श्रीवर्धन तालुका, आपल्या शेजारचाच. किनारा आपला आणि श्वान मात्र जिल्ह्याच्या गावाला?

आणि पोसरे विसरलात का? जुलै २०२१ मध्ये खेड तालुक्यात दरड आली तेव्हा चिपळूण पाण्याखाली होतं. बाहेरून मदत यायची तर रस्ता कुठे होता? तालुक्यात कुत्रा असता तर वाडीपर्यंत निदान चालत तरी नेता आला असता.

निवृत्त हवालदाराची लेक
काका, पोसऱ्याचं नाव काढलंत की माझ्याही पोटात तुटतं. पण एका श्वानाला एकच काम शिकवतात. झंजीर स्फोटकांचा होता, त्याने चोराचा माग काढला नसता. ढिगाऱ्याखालचं माणूस हुंगणारा कुत्रा तिसराच, एनडीआरएफकडे असतो तसा. तुमच्या दोघांच्या मागण्या मिळून चार-पाच कुत्रे आणि दहा माणसं होतात.

कातळसडा
गावठी उपाय सुचवू? मराठवाड्यातला कारवान कुत्रा काटक असतो, हवेला टिकतो. लॅब्राडॉरचे लाड कशाला?

निवृत्त हवालदाराची लेक
कारवान नजरेने शिकार करतो. ससा दिसला की त्याच्यासारखा धावणारा नाही, पण सहा तासांपूर्वीचा वास जमिनीवरून उचलणं हे त्याच्या रक्तात नाही.

कोर्टाची पायरी
मी तालुका न्यायालयात फौजदारी वकिली करते. मला खर्चापेक्षा दुसरीच भीती आहे.

श्वान कुणाच्या दारात थांबलं, एवढ्यावर गुन्हा शाबित होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार, यातले धोके मांडले. कुत्रा शपथेवर साक्ष देऊ शकत नाही, त्याच्या वतीने हस्तक बोलतो आणि कुणाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अंदाजावर टांगून ठेवता येत नाही. २००८ मध्ये आसामच्या दिनेश बोरठाकूर खटल्यातही तेच. तपासाला मदत घ्या, पण तो पुरावा धरू नका.

हे न्यायालयात झालं. गावात काय होतं? कुत्रं कातकरवाडीकडे वळलं की संध्याकाळपर्यंत तिन्ही वाड्यांत नाव फिरतं. आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी कुटुंब असतं, ते रोज त्याच पायवाटेने जातं, त्यांचा वास तिथे असणारच. माझा एक अशील असाच उचलला गेला. पुढे खरा चोर सापडला, हा सुटला. पण त्या बागेत त्याला परत कामावर कुणी घेतलं नाही. मोठ्या शहरात माणूस दुसऱ्या गल्लीत राहायला जातो. इथे कुठे जाणार?

रायवळ
वकीलताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्याकडेही श्वान काजूच्या बागेत शिरलं तेव्हा पहिलं नाव निघालं ते गड्याचंच. मी स्वतः दोन दिवस त्याच्याकडे संशयाने बघत होतो. त्याच्याशी बोललो आज.

तरीही मागणी मी सोडत नाही. उलट तुमचाच मुद्दा वापरतो. उशिरा आलेलं श्वान जास्त धोक्याचं. सकाळी नऊला पडवीत चोराचा वास ताजा होता, तीनपर्यंत तिथे अर्धी वाडी येऊन गेली. मी स्वतः कपाट उघडून बघितलं, शेजारणीने सांडलेला तांदूळ झाडून काढला. त्या पसाऱ्यात कुत्र्याने गड्याचाच वास धरला नसेल कशावरून?

लेकताई, दोन श्वानांची मागणी काढतो. निवेदनात आता एकच माग काढणारं श्वान, खेडला, कारण तिथून दापोली आणि मंडणगड दोन्हीकडे जाता येतं. दोन हस्तक, त्यांना दुसरी ड्यूटी लावायची नाही. घर पक्कं, जाळीचं नाही. आणि श्वान कुणाच्या दारात थांबलं हे तपास पुरा होईपर्यंत पत्रकारांना किंवा गावकऱ्यांना सांगायचं नाही. चरस आणि दरडीचं या कागदात घेत नाही.

चाकरमानी परळचा
पोसरे काढलंत हे पटलं नाही. त्याचं वेगळं निवेदन मी लिहितो.

निवृत्त हवालदाराची लेक
'दुसरी ड्यूटी लावायची नाही' हे कागदावर बाबांच्या वेळीही होतं. तरी सही करते. पण श्वान निवृत्त झाल्यावर, आठ-दहा वर्षांनी, त्याला हस्तकाच्या घरी ठेवायचं की कुठे, आणि त्याचं खाणं-औषध कोण बघणार, हेही त्यात घाला. ते लिहिलेलं नसतं म्हणूनच त्या कुत्र्यांचे हाल होतात.

कोर्टाची पायरी
माझी सही नाही. नाव न सांगण्याची अट चांगली आहे, पण कुत्र्यामागे अख्खी वाडी चालत जाते, तिच्या डोळ्यांना कशी झाकणार? आधी घटनास्थळाला दोरी बांधायला आणि गर्दी लांब ठेवायला पोलीस पाटलांना शिकवा. तेवढं वर्षभर करून दाखवा, मग श्वान मागा. तेव्हा मसुदा मी फुकट लिहून देईन.