मायग्रेशन अर्ध्यात अडकलंय, मागं कसं घेऊ? तातडीचं आहे

राजारामपुरी_कोडर:
मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसच्या टेबलांची रचना बदलणारी फाइल, मधेच एरर देऊन थांबलं. परत चालवलं की 'डुप्लिकेट कॉलम', एरर १०६०. रोलबॅक मारला, म्हणजे केलेले बदल मागं घेतले, तर सुटेल का? संध्याकाळी दुकानात पट्ट्या (मालाच्या हिशेबाच्या पावत्या) काढायला बसतात, त्याआधी पायजे. सांगा की कुणीतरी पटकन.

कंसातला_माणूस:
फ्रेमवर्क कुठलं, डेटाबेस कुठला? पहिल्यांदा काय एरर आला होता? १०६० हा दुसऱ्यांदा चालवल्यावरचा आहे. हे कळेपर्यंत रोलबॅकला हात लावू नका.

शिरोली_नाका:
गिटमध्ये मागची कमिट रिव्हर्ट कर आणि पुश कर. झालं काम.

राजारामपुरी_कोडर:
कोड मागं घेऊन टेबलात आलेला कॉलम कसा जाईल दादा? लाराव्हेल आहे, अजून काय सांगू.

तालमीतला_०९:
मायग्रेट फ्रेश मार भावा. सगळी टेबलं नव्यानं बनतात. मी कायम तेच करतो.

उजळाईवाडी:
थांबा! फ्रेश आधी सगळी टेबलं उडवतं, मग रिकामी बनवतं. स्वतःच्या लॅपटॉपवर चालेल. इथं दुकानाचा हिशेब जाईल.

तालमीतला_०९:
लाइव्ह आहे असं कुठं लिहिलंय त्यानं?

उजळाईवाडी:
संध्याकाळी पट्ट्या काढायच्यात असं पहिल्याच पोस्टमध्ये आहे. असला सल्ला देण्याआधी विचारायला पाहिजे होतं.

राजारामपुरी_कोडर:
लाइव्हच आहे. मायएसक्यूएल ८. मार्केट यार्डातलं गुळाचं अडत दुकान. मायग्रेशनमध्ये पट्टी टेबलात 'किलो' कॉलम घालायचा, 'रवे' (गुळाच्या ढेपा) यावरून किलो भरायचे, पट्टी नंबरवर युनिक इंडेक्स (एकच नंबर दोनदा येऊ न देणारा) लावायचा आणि शेवटी 'रवे' काढून टाकायचा. पहिला एरर १०६२ होता, डुप्लिकेट एंट्री.

कंसातला_माणूस:
आता उलगडलं. मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) चाललं की तिथल्या तिथं कमिट, म्हणजे पक्कं, होतं. ट्रान्झॅक्शनमध्ये (बिघडलं तर सगळं एकदम मागं येणारा गट) घातलं तरी मागं येत नाही. आवृत्ती ८ मध्ये एकेक ऑल्टर पूर्ण होतं किंवा अजिबात होत नाही, पण मायग्रेशनमधले सगळे टप्पे मिळून एकदम मागं घेता येत नाहीत. म्हणून कॉलम आला, किलो भरले आणि इंडेक्सवर अडलं.

पूर्ण न झालेल्या मायग्रेशनची नोंद लाराव्हेल मायग्रेशन्स टेबलात करत नाही. रोलबॅक त्याच टेबलातली शेवटची बॅच (एकावेळी चाललेली मायग्रेशनं) उलटी फिरवतो. आत्ता मारलात तर हे अडकलेलं तसंच राहील आणि याच्या आधीचं, नीट चाललेलं मागं जाईल. मायग्रेट स्टेटस बघा, हे पेंडिंग दिसेल. रोलबॅकला प्रिटेंड लावलं तर काय चालणार ते नुसतं छापून दाखवतो, तेही बघून घ्या.

मग आधी मायएसक्यूएल डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत), सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय लावून. फाइल उघडून बघा, नुसतं नाव बघून समाधान मानू नका. शो क्रिएट टेबलनं टेबल आत्ता नक्की कसं आहे ते बघा, आणि 'किलो' हातानं ड्रॉप करा. 'रवे' शाबूत आहे म्हणून हे जमतंय. तो गेला असता तर डाउन (मायग्रेशनमधला बदल उलटा फिरवणारा भाग) चालवून कॉलम परत आला असता, आतले आकडे नाही.

हत्ती_डेटाबेस:
पोस्टग्रेसमध्ये ऑल्टर टेबलही ट्रान्झॅक्शनमध्ये मागं येतं आणि लाराव्हेल तिथं अख्खं मायग्रेशन ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतं. हा धागाच निघाला नसता. बदला डेटाबेस.

उजळाईवाडी:
खरं आहे, पण आज संध्याकाळपर्यंत बदलता येणार नाही. आणि तुमच्याकडंही कॉन्करंट इंडेक्स (टेबलाचं काम न अडवता बनणारा) ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, तेही सांगा.

हत्ती_डेटाबेस:
तो एकच अपवाद नाही, पण साधा इंडेक्स चालतो. या टेबलाला तेवढा पुरे.

फक्त_पुढे:
मी डाउन लिहीतच नाही. लाइव्हवर बिघडलं की दुरुस्तीचं नवं मायग्रेशन पुढं टाकतो. तपासून न बघितलेलं डाउन ऐनवेळी दगा देतं.

कंसातला_माणूस:
पटत नाही. लिहायचं आणि लॅपटॉपवर पुढंमागं चालवून बघायचं. डेटा जाणार असेल तिथं डाउनमध्ये मुद्दाम एक्सेप्शन (थांबवणारा एरर) टाकायचं.

गूळ_बाजार:
मला कोडिंग येत नाही, पण यार्डात आमचं दुकान होतं. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले की आमच्यात नवं पुस्तक, पट्टी नंबर परत १ पासून. नुसत्या नंबरवर इंडेक्स कसा बसंल?

राजारामपुरी_कोडर:
काका, तेच आहे! ग्रुप बाय आणि हॅविंग लावून दोनदा आलेले नंबर शोधून बघितलं, मागच्या आणि या हंगामातले नंबर एकावर एक येतात. मग तारखेतलं वर्ष घेऊन इंडेक्स लावू?

गूळ_बाजार:
वर्ष नको. पाडवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो आणि हंगाम जानेवारीच्या पुढं जातो. एकाच पुस्तकाला दोन वर्षं लागतील.

कंसातला_माणूस:
'हंगाम' असा वेगळा कॉलम करा, पाडव्याच्या तारखेवरून भरा, आणि हंगाम व नंबर मिळून युनिक. पण आज नको. आज फक्त किलो, कॉलम एका फाइलीत आणि भरणं दुसऱ्या.

विद्यापीठ_रोड:
लाराव्हेल येणाऱ्यांना कोल्हापुरात काम मिळतंय का? पुण्याला जायचं नाही.

राजारामपुरी_कोडर:
डंप घेतला, 'किलो' ड्रॉप केला, दोन फाइली करून चालवल्या. स्टेटसमध्ये दोन्ही रॅन. लई आभार सगळ्यांचे. 'रवे' कॉलम आता काढू का?

गूळ_बाजार:
एका रव्याला किती किलो धरलेत? आमच्याकडं मोठे-लहान रवे एकाच पट्टीत यायचे.

राजारामपुरी_कोडर:
सगळ्यांना ३०.

कंसातला_माणूस:
मग 'रवे' अजिबात काढू नका. मालकांना आत्ता फोन करा, आणि ते सांगेपर्यंत पट्टीवर जुनाच आकडा छापा.