देशी डुकरांचे भ्रूण गोठवणे ही उधळपट्टी आहे का?

ब्रह्मपुत्राकाठी:
काल वराहपालनाच्या धाग्यावर एका सदस्यांनी लिहिले, "डुकरांचे भ्रूण गोठवण्यावर सरकारी पैसा घालणे ही उधळपट्टी आहे, रेत साठवले की पुरे." हे विधान मला इतके खटकले की सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

नुसत्या रेतातून जात पुन्हा उभी करायची तर दुसऱ्या जातीच्या माद्या घ्याव्या लागतात. पहिल्या पिढीत निम्मे रक्त, दुसऱ्या पिढीत पाऊण, असे करत पाचव्या पिढीला आपण ९७ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो, आणि आईकडूनच येणारा मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) वारसा तेव्हाही परक्या जातीचाच राहतो. भ्रूण हाती असेल तर तो कोणत्याही जातीच्या निरोगी मादीत ठेवता येतो आणि एकाच गर्भारपणात शुद्ध जातीची पिल्ले मिळतात. शिवाय डुकराचे रेत गोठवणीला गाईच्या रेतासारखी दाद देत नाही; जगभर ते बहुतांशी १७ अंशांवर द्रवरूपात ठेवून काही दिवसांत वापरले जाते.

मी नोकरीनिमित्त गुवाहाटीजवळ राहतो. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग आला. पुढे आमच्या शेजारच्या कुटुंबाची काळी डुकरे आठवडाभरात मेली आणि जी जगली होती, ती बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतली म्हणून मारावी लागली. त्या घरातल्या बाईंनी सासूकडून आलेला वंश सांभाळला होता. तो आता कुठेही शिल्लक नाही. या रोगावर औषध नाही आणि २०२२ मध्ये तो केरळातल्या वायनाडपर्यंत पोहोचला होता. कोकण आणि गोवा तिथून किती दूर आहेत?

निवृत्त पशुवैद्य, मराठवाडा:
ते विधान माझेच होते आणि मी त्यावर ठाम आहे.

गोठीत भ्रूणापासून पहिले वासरू १९७३ मध्ये जन्मले. डुकराच्या बाबतीत तेच साधायला १९८९ उजाडले. ही वर्षे कोणाच्या आळसाने गेली नाहीत. डुकराच्या भ्रूणाच्या पेशी मेदाच्या थेंबांनी भरलेल्या असतात, आणि सुरुवातीच्या अवस्थेतला भ्रूण १५ अंशांच्या खाली नेला की गोठण्याआधीच मरतो. पाच-सहा दिवसांचा भ्रूण तुलनेने तग धरतो, पण तो मिळवायला बहुधा मादीचे पोट उघडावे लागते किंवा तिची कत्तल करावी लागते. गर्भ टिकण्यासाठी सुरुवातीला किमान चार भ्रूण जिवंत असावे लागतात, म्हणून एका मादीत वीस-तीस भ्रूण ठेवावे लागतात. ज्या जातीच्या माद्याच मोजक्या उरल्या आहेत, त्याच माद्या खर्ची घालून तुम्ही ती जात वाचवणार आहात.

आणि हे सारे ठेवणार कशात? रेत असो वा भ्रूण, ते द्रवनत्रात, म्हणजे अतिथंड द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावे लागते. मी नोकरीत असताना द्रवनत्राची गाडी वेळेवर आली नाही म्हणून पात्र कोरडे पडलेले पाहिले आहे. त्यातल्या रेतमात्रा निकामी झाल्या होत्या, तरी त्या वापरल्या गेल्या. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की शेतकरी स्वतःच्या वैरणीला दोष देत राहिला, त्याला खरे कोणी सांगितले नाही. ज्या व्यवस्थेला गाईसाठी द्रवनत्र पुरवता येत नाही, ती डुकरासाठी पुरवील यावर माझा विश्वास नाही.

खिलार_सांगोला:
डॉक्टरांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझे शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे गावोगाव जर्सी आणि होल्स्टिनच्या गोठीत रेतमात्रा पोहोचल्या, खिलारच्या मागितल्या तर "संपल्या" असे उत्तर मिळे. गोठवण्याच्या तंत्राने देशी जनावर वाचले की बुडाले, याचा हिशोब आधी मांडा. माझ्या वडिलांच्या दावणीला खिलारची जोडी असे. आज त्या दावणीला संकरित गाय आहे आणि ती उन्हाळ्यात धापा टाकते.

ब्रह्मपुत्राकाठी:
खिलारचे दुःख खरे आहे, पण तो दोष काय गोठवायचे हे ठरवणाऱ्यांचा आहे, नत्राचा नव्हे.

डॉक्टर, तुमची माहिती १९८९ वर येऊन थांबते, हे मला स्पष्ट म्हणावे लागते. १९९५ मध्ये मेद काढून घेतलेल्या भ्रूणांपासून पिल्ले जन्मली. २००० च्या सुमारास मेद न काढता, विट्रिफिकेशनने, म्हणजे बर्फाचे स्फटिक होऊ न देता अतिजलद थंड केलेल्या भ्रूणांपासूनही जन्मली. २००४ मध्ये स्पेनमधल्या मुर्सियाच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेविना, लवचिक नळीने गर्भाशयाच्या शिंगात खोलवर भ्रूण ठेवून दाखवले.

निवृत्त पशुवैद्य, मराठवाडा:
माझी माहिती कुठे थांबते ते आपण ठरवू नये. मुर्सियाची नळी भ्रूण ठेवण्यासाठी आहे. भ्रूण काढण्यासाठी पोट आजही बहुधा उघडावे लागते. आपण ज्या रोगाची भीती घालता, त्याचा विषाणू भ्रूणाच्या बाह्य आवरणाला असा चिकटतो की नेहमीच्या धुण्याने तो निघत नाही. बाधित कळपातून घेतलेला भ्रूण म्हणजे नत्रात जपलेला रोग ठरू शकतो.

ब्रह्मपुत्राकाठी:
म्हणूनच रोग येण्याआधी गोठवायला हवे, एवढेच मी पहिल्यापासून सांगतो आहे. वायनाडनंतर वाट पाहणे परवडणारे नाही.

काणकोणचा:
आपण दोघे प्रयोगशाळेवरून भांडत आहात, आणि ज्या डुकराची चिंता करता ते आमच्या परसातून नाहीसे होत आहे. आगोंद गोवन ही नोंदणीकृत जात आमच्या काणकोण तालुक्यातल्या आगोंदच्या नावाने ओळखली जाते. लहान चणीचे, काळे, घरातल्या उरल्यासुरल्यावर वाढणारे हे जनावर माझ्या आजीने जन्मभर पाळले. पूर्वी गोव्यात शौचकूपाखाली डुकरे असत. सेप्टिक टाक्या आल्या आणि ते शौचकूप गेले, हे योग्यच झाले. पण त्यानंतर डुक्कर पाळणारे घर शेजाऱ्यांना नकोसे झाले. सरकारी योजनेतून मिळाली ती यॉर्कशायर या विलायती पांढऱ्या जातीची पिल्ले, कारण ती झटपट वजन धरतात. आता फेस्ताच्या सोरपोतेलीला आणि चोरिसाला बाहेरून आलेले पांढऱ्या डुकराचे मांस घातले जाते, आणि त्याला ती चव येत नाही, हे मी कोणाशीही वाद घालून सांगेन.

२०१९ च्या पशुगणनेत देशातली डुकरे सात वर्षांत १२ टक्क्यांनी घटून सुमारे ९० लाखांवर आली. ही घट या रोगाच्या आधीची आहे. ती पाळणाऱ्याने हात टेकल्यामुळे झाली. डुक्कर पाळणाऱ्याला या देशात कमी लेखले जाते. त्याला दर महिन्याला काही द्या, त्याच्या मादीचा विमा उतरवा, मग नत्राचे बघा.

निवृत्त पशुवैद्य, मराठवाडा:
हेच माझे म्हणणे आहे. आधी जिवंत कळप.

ब्रह्मपुत्राकाठी:
जिवंत कळप मलाही हवा आहे. पण एक किलोमीटरच्या नियमापुढे तो एका दिवसात संपतो, हे मी पाहिले आहे आणि आपण पाहिलेले नाही.

निवृत्त पशुवैद्य, मराठवाडा:
ते मी पाहिलेले नाही, हे कबूल. तेव्हा नाइलाजाने एवढे मान्य करतो: साठा एका ठिकाणी न ठेवता दोन राज्यांत ठेवावा, द्रवनत्राची पातळी लिहिलेली नोंदवही कोणालाही पाहता यावी, आणि भ्रूणासाठी जी मादी घ्याल तिच्या मालकाला बाजारभावाने नव्हे, तर तिच्या पुढच्या वेतांचा हिशोब करून पैसे द्यावेत. यातली एक अट जरी सुटली तरी माझा विरोध कायम आहे.

काणकोणचा:
आणखी एक अट घाला. गोठवलेल्या भ्रूणांपासून उद्या पिल्ले झाली, तर त्यांवर पहिला हक्क ज्या घरांतून माद्या नेल्या त्यांचा असावा, आणि तसे लेखी असावे. तसे असेल तर आमच्या वाड्यावर अजून काळ्या माद्या आहेत. त्यांच्या मालकांशी मी स्वतः बोलेन.