इजिप्त-जॉर्डन टूरमधे घोडा आहे, बसायचं का नाही? मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, मी साताऱ्याचा, शाहूपुरीत राहतो. दिवाळीच्या सुट्टीत मी, बायको, आई आणि अकरा वर्षांची पोरगी असे चौघं इजिप्त-जॉर्डनच्या ग्रुप टूरला चाललोय, पैसे भरून झालेत. आयटिनररीत पेट्राच्या (जॉर्डनमधलं खडकात कोरलेलं जुनं शहर) दिवशी हॉर्स राईड इन्क्लुडेड आणि गिझाला पिरॅमिडपाशी उंट किंवा घोडा ऑप्शनल असं लिहिलंय. पोरगी तेवढ्या दोन ओळी वाचून नाचतीये, पिरॅमिड राहिला बाजूला.

आता माझी अडचण. मे महिन्यात पाचगणीला टेबललँडवर गेलो होतो, तिला घोड्यावर बसवलं, एक चक्कर मारली, फोटोबिटो झाले. उतरल्यावर घोडेवाल्यानं तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल केला, खोगीर जरा सरकलं आणि खालच्या गोधडीला पिवळट ओला डाग दिसला. मणक्याशेजारी रुपयाएवढी सोललेली जागा, त्यावर माश्या. पोरीनंपण बघितलं. म्हणाली बाबा, मी याच्यावर बसले होते? पसरणी घाट उतरून वाई येईपर्यंत एक शब्द नाही. घोडेवाल्याला बोललो तर म्हणाला सीझन आहे साहेब, पावसाळ्यात भरून येतं. त्याचेही चार पैसे मिळायचे तेवढेच दिवस, कळतं मला, पण ती जखम डोळ्यासमोरनं जाईना.

आमचे थोरले आजोबा राजवाड्यापाशी टांगा चालवायचे. आज्जी सांगायची की घोड्याला खरारा (अंग घासणं) आणि चंदी (दाणा) झाल्याशिवाय ते स्वतः ताटावर बसायचे नाहीत. ते असते तर त्यांनाच विचारलं असतं, मला मात्र घोड्यातलं ओ की ठो कळत नाही.

थोडं वाचलं त्यात एक हिशोब सापडला, घोड्यानं स्वतःच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या वर ओझं वाहू नये, तेही खोगीर धरून. ग्रीसमधे सँटोरिनीच्या गाढवांमुळं ओरड झाली तेव्हा २०१८ साली तिथं १०० किलो किंवा जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा यापेक्षा जास्त ओझं नको असा नियमच केला. आता माझं वजन ९२, बूट, सॅक आणि पाण्याच्या बाटल्या धरून ९६, खोगीर दहा किलो धरा. म्हणजे मला पाचशे तीस किलोचा घोडा पायजे, आणि फोटोत तर तिथले घोडे चारशेच्या आसपासचे वाटतात. म्हणजे मी बाद. पोरगी ३४ किलोची आहे, ती चालेल. पण घोडा बरा आहे का नाही हे मी दोन मिनिटांत, भाषा येत नसताना, मागं चाळीस माणसांचा ग्रुप घाई करत असताना कसं ओळखायचं? आणि बरा नसेल तर करायचं काय? टूरवाल्यांना फोन केला तर म्हणे सर पैसे त्यात धरलेलेच आहेत, तुम्ही फक्त टीप द्या.

प्रतिसाद – कंदीपेढे
आम्ही मागच्या वर्षी जाऊन आलो. पेट्राची ती राईड म्हणजे व्हिजिटर सेंटरपासनं सीकच्या, म्हणजे आत जायच्या अरुंद घळीच्या, तोंडापर्यंत, जेमतेम पाऊण-एक किलोमीटर, चालत पंधरा मिनिटं. उताराचा खडीचा रस्ता आहे, सहज जमतं. तिकिटात धरलंय म्हणून लोक बसतात आणि उतरताना टीपवरनं वाद. सीकमधे आता घोडागाडीऐवजी इलेक्ट्रिक गाड्या आहेत, आईंना त्यात बसवा. पण पुढं अद-दैरला (वर डोंगरात कोरलेली मोठी वास्तू) जायला साधारण ८०० पायऱ्या आहेत आणि तिथं गाढवं मागं लागतात, ते अजिबात घेऊ नका. झिजून गुळगुळीत झालेल्या दगडावरनं गाढव उतरताना बघितलं ना, माझाच पाय घसरला असं वाटलं.

प्रतिसाद – घाटवाट
एवढा विचार करून फिरायचं असेल तर घरी बसून यूट्यूब बघा की राव. त्या लोकांचं पोट आहे त्याच्यावर.

प्रतिसाद – मिरजेचा गुरांचा डॉक्टर
पोटाचा मुद्दा खरा आहे, पण लंगड्या घोड्यावर कुणाचं पोट किती दिवस चालणार. मी मुख्यतः गाई-म्हशी बघतो, लग्नाच्या घोड्या अधूनमधून येतात, तेवढ्यावरनं सांगतो.

लांबनं सुरुवात करा. घोडा तुमच्याकडं चालत येताना त्याचं डोकं बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर झटकतो, सरळ चालणाऱ्याचं डोकं एका तालात हलतं. मग बरगड्या. हात फिरवल्यावर हाताला लागाव्यात, पण लांबनं मोजता येत असतील तर तो अंगानं कमी आहे, मग २० टक्क्यांचा हिशोब विसरा, तो धडधाकट घोड्याचा आहे. तोंडाच्या कोपऱ्यात लगामाची जखम, तंगाखाली काखेजवळ केस गेलेले, आणि पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत का तेही बघा. हे ठिपके जुन्या जखमेचे असतात, लोक रंगच तसा समजतात. उभ्या घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ असतो, बराच वेळ सावलीत उभा असूनही पोट भाता चालल्यासारखं हलत असेल तर नको. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच बसली नाही तर पाणी कमी पडलंय. घोड्याला दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी लागतं, तेव्हा आसपास हौद किंवा बादली दिसते का तेही बघा.

आणि खोगीर उचलून दाखव असं खुणेनं सांगता येतं. जो हसत दाखवतो त्याच्याकडं बसा, जो टाळतो त्याला नमस्कार करून पुढं.

जाता जाता, कैरोला १९३४ पासनं घोड्या-गाढवांचा मोफत दवाखाना आहे. डोरोथी ब्रूक नावाच्या इंग्रज बाईंनी पहिल्या महायुद्धात वापरून तिथंच सोडलेले म्हातारे घोडे बघून सुरू केलेला. त्यातनं उभी राहिलेली 'ब्रूक' ही संस्था आपल्या देशातपण काम करते. म्हणजे घोड्याच्या मालकाला मदतच हवी असते बऱ्याचदा, नुसती शिवी नको.

मूळ लेखक
डॉक्टर, फार उपकार झाले. काल पोरीला घेऊन बसलो आणि तुमचं सगळं वाचून दाखवलं. तिनं वहीत घोड्याचं चित्र काढून बाण मारलेत, कुठं काय बघायचं ते. आता तिचं म्हणणं आहे की पाठ बघितल्याशिवाय ती बसणार नाही आणि मलापण बसू देणार नाही (मी बसत नाहीये हे तिला अजून सांगितलेलं नाही). पेट्राला चालत जायचं ठरलंय, आई इलेक्ट्रिक गाडीत. नाही बसलो तरी घोडेवाल्याला टीप द्यायची का यावर बायकोचं आणि माझं एकमत होत नाहीये, ती म्हणते चांगली जनावरं ठेवलेल्यालाच दे, उगाच सगळ्यांना नको.

घाटवाट, यूट्यूब बघितलंय, त्यात घोड्याचा वास येत नाही.

एकच राहिलं. खोगीर उचलून पाठ दाखवा, हे अरबीत कसं म्हणायचं कुणाला येतं का? आखातात राहून आलेल्यांनी सांगा, देवनागरीत लिहा म्हणजे पोरगी पाठ करील.