कॉलेजनं मेडिटेशनचं अ‍ॅप द्यावं की समुपदेशक नेमावा?

सावलीतली:
मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला शिकवते. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी पोरांचे हात थरथरतात, येत असलेलं उत्तरसुद्धा तोंडातून फुटत नाही, दर सेमिस्टरला हे बघून आता राहवत नाही म्हणून लिहितेय. यंदा व्हायवाआधी दहा मिनिटं श्वासाचं अ‍ॅप लावलं आणि बोटाला नाडी मोजणारी क्लिप. मिनिटाला साधारण सहा श्वास इतकं सावकाश गेलं की श्वास सोडताना नाडी मंदावते, ते पोरांना स्क्रीनवर दिसतं, आणि दिसलं की पटतं. नुसतं "शांत बस" म्हणून कोण बसतंय? केंब्रिज विद्यापीठातल्या ६१६ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २०१८ ला छापून आला, त्यात आठ आठवडे माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष द्यायला, शिकलेल्यांना परीक्षेच्या दिवसांत बाकीच्यांपेक्षा ताण कमी जाणवला. मग आपल्या कॉलेजांनी एक शांत खोली आणि अ‍ॅपची वर्गणी का देऊ नये?

केटीवाला:
ताई, तुमची तळमळ कळते, पण केंब्रिजचं उदाहरण इथं लागू होत नाही. तिथं शिकवणारा माणूस समोर होता, दर आठवड्याला सव्वा-दीड तासाचा वर्ग होता, अ‍ॅप नव्हे. मला तीन केटी लागल्या, म्हणजे तीन विषय राहिले, तेव्हा आमच्या कॉलेजनं मेलवर अ‍ॅपचा कोड पाठवला आणि विषय संपवला. मी रात्री हेडफोन लावून ऐकायचो, विचार ढगासारखे जाऊ द्या म्हणे, पण माझा विचार होता की इयर डाऊन झालं तर घरी काय सांगू आणि यंदा कांद्याला भाव नाही तर बाबा फी कुठून भरणार. तो ढग कुठं जातोय? सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे. अ‍ॅप घेऊन कॉलेजं त्यातून अंग काढणार, माझा विरोध त्याला आहे.

घाटावरचा:
इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला बसून आलोय. आधी फोन जमा करून घेतात. ज्या वस्तूनं पोरांची झोप उडवली तीच हातात देऊन ध्यान करा म्हणणं मला मुळातच पटत नाही.

हॉस्टेल_रूम_९:
काका, सबमिशन सोडून दहा दिवस कुठून आणायचे आम्ही? आणि समुपदेशकाचं म्हणाल तर आमच्याकडे त्या मॅडम अकरा ते चार असतात, खोली एचओडीच्या केबिनला लागून, आत गेलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या क्लासला माहीत. माझी धडधड सुरू होते रात्री दोनला. रूममेट झोपलेली असते, आईला फोन केला तर ती पहिल्या एसटीनं निघून येईल, तेव्हा कानात कुणीतरी हळू आवाजात चार आकडे मोजत श्वास घ्यायला लावतं तेवढाच आधार असतो मला. तो तरी राहू द्या.

तळ्याकाठी:
काढून कोणी घेत नाहीये गं. पण रात्री दोनला १४४१६ लाव, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. माझ्या भाच्याला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की भीती उलट वाढायची, असं काही जणांना होतं. समोर माणूस असला तर तो म्हणतो थांब, डोळे उघड, पाय जमिनीला टेकव. रेकॉर्ड केलेला आवाज पुढेच जात राहतो ना. आणि अ‍ॅपमध्ये गुपित राहतं हेही धरून चालू नकोस. अमेरिकेतलं बेटरहेल्प, मेडिटेशनचं नाही, समुपदेशनाचं, त्यांनी लोकांची माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना जाहिरातीसाठी दिली म्हणून २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर द्यायचं ठरलं.

सावलीतली:
केटीवाला, अ‍ॅप म्हणजे वर्ग नव्हे हे मान्य, माझ्याकडून ते एकत्र झालं. पण सहाशे पोरांत एक समुपदेशक, तो व्हायवाच्या सकाळी किती जणांजवळ बसणार? गेल्या सेमला एक शब्द न बोललेली मुलगी यंदा बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, आज बोलता आलं." हे मी डोळ्यांनी बघितलंय, ते मी सोडणार नाही. पुढच्या मीटिंगला दोन्ही मागते.

केटीवाला:
मागा ताई, पण वेगवेगळ्या अर्जांत मागा आणि समुपदेशकाचा आधी द्या. एकाच कागदावर दोन्ही लिहिलं की स्वस्तातलं तेवढं मंजूर होतं, आमच्याकडं तसंच झालं.