विषय: पुस्तकातलं उत्तर जुळत नाही (गणित)

नमस्कार मंडळी,
इथे गणित आणतेय, रागावू नका. लेकीच्या गृहपाठात ही तीन समीकरणं होती:

क्ष + य + झ = ६
क्ष + २य + ३झ = १०
२क्ष + ३य + ४झ = १६

तिचं उत्तर: (३, २, १) + ट(−१, २, −१), ट म्हणजे कुठलीही संख्या. पुस्तकाच्या मागे: (२, ४, ०) + ट(१, −२, १). काहीच जुळेना, म्हणून तिने अख्खं पान खोडलं. मी क्रेमरची पद्धत (सहगुणकांच्या निश्चयकाने भागून उकल काढायची) लावली तर निश्चयक शून्य! आमच्या वेळी 'एकमेव उकल नाही' असं लिहून पुढच्या गणिताकडे वळायचो. तिचं चुकलं कुठे?

———

ताई, खोडलेलं पुन्हा लिहायला सांगा. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

पहिल्या दोन समीकरणांची बेरीज करा, तिसरं मिळतं. म्हणजे तिसरं नुसतं गर्दी करायला आलंय. उरली दोन समीकरणं, म्हणजे अवकाशातली दोन प्रतलं (सपाट पृष्ठं), आणि ती एका रेषेत छेदतात. त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू ही एक उकल, म्हणून उकली अनंत. (उजवीकडे १६ ऐवजी १७ असते, तर एकही उकल नसती.)

आता रेषा सांगायची तर तिच्यावरचा एक बिंदू आणि एक दिशा, एवढं पुरतं. बिंदू कुठलाही घ्या. पुस्तकाने झ = ० धरून (२, ४, ०) घेतला, लेकीने झ = १ धरून (३, २, १). पुस्तकाच्या उत्तरात ट = १ घाला, तिचाच बिंदू येतो. दिशा तिची उलटी आहे इतकंच. दोघांचा ट मात्र वेगवेगळा, अक्षर एकच असल्यामुळे घोटाळा होतो.

ताळा असा करायचा: बिंदू समीकरणांत घातला की ६, १०, १६ यायला हवेत. दिशेचा सदिश (ट च्या पुढच्या कंसातले तीन आकडे) डाव्या बाजूंत घातला की तिन्हीकडे शून्य. १ − २ + १ = ०, १ − ४ + ३ = ०, २ − ६ + ४ = ०. दिशेने कितीही सरका, उजवी बाजू हलत नाही ती यामुळेच. मुलं हा दुसरा ताळा हमखास विसरतात.

———

मध्येच तोंड घालतो. दिशा काढायला समीकरणं एकमेकांतून वजा करत बसायचं कशाला? पहिल्या दोन समीकरणांचे सहगुणक (१, १, १) आणि (१, २, ३) हे प्रतलांचे लंब, त्यांचा सदिश गुणाकार (दोन्हींना लंब असा सदिश देणारा) करा, (१, −२, १) हातात.

———

बरोबर, दिशा दोन्ही प्रतलांच्या लंबांना लंबच असणार. पण ही युक्ती तीन चलांपुरती आणि प्रतलं समांतर नसतील तरच. चार चलं आणि दोन स्वतंत्र समीकरणं आली की दोन दिशा लागतात, ट सोबत ठ येतो, आणि तिथे हा गुणाकार कामाचा नाही. म्हणून मी वजाबाकीच शिकवतो.

———

काका, खूप आभार. तिने पान पुन्हा लिहिलं, पण आता उत्तर केलंय (०, ८, −२) + ट(५, −१०, ५). मी ताळा करून पाहिला, दोन्ही ताळे जुळले. बाईंना मुद्दाम हेच देणार म्हणते.