खलनायक मेला तेव्हा शिट्टी मारलीत का? (अनुभव धागा)

कोकमसार
'शोले'चा मूळ शेवट अखेर पाहिला. ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला तुडवतो, मारूनच टाकतो. १९७५ साली, आणीबाणीत, सेन्सॉरने तो बदलायला लावला. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे चालणार नव्हतं. म्हणून आपण ऐनवेळी पोलीस टपकतात तोच शेवट बघत मोठे झालो. आमच्याकडे जत्रेच्या तंबूत ते पोलीस दिसले की मागून ओरडा व्हायचा, "आता आलात होय रे!" माझाही आवाज त्यात. परवा मात्र गब्बर मेल्यावर ठाकूर ढसाढसा रडतो ते बघून शिट्टी तोंडातच राहिली.
तुमचं काय? कोण मेल्यावर मनापासून बरं वाटलं, कुठे खटकलं? लिहा.

रिकामटेकडा
गब्बर मरावा असं मला कधीच वाटलं नाही. मग डायलॉग कोणाचे मारायचे?

वकीलीणबाई
कोर्टातून लिहितेय, पुकारा होईपर्यंत. स्वसंरक्षण म्हणावं तर गब्बर आडवा पडलेला. अचानक क्षोभ म्हणावं (तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३००, अपवाद १) तर बुटांना खिळे आधीच ठोकून घेतलेत, रामलालकडून. सरळ ३०२, म्हणजे खूनच. हात तोडले, घरदार संपवलं, हे शिक्षा कमी करायला उपयोगी, सुटायला नाही. थेटरात असते तर "मार!" म्हणाले असते, ते वेगळं. आला आमचा नंबर, पळते.

खात्यातली लेक
वडील फौजदार. 'अर्धसत्य' घरी व्हिडिओवर लागला होता. शेवटी फौजदार वेलणकर गुंड रामा शेट्टीचा गळा दाबतो, आम्ही भावंडं खूश. बाबा उठून गॅलरीत गेले. जेवताना एवढंच म्हणाले, "लॉकअपमध्ये मेला त्याचं कुणाला काही नाही." खरंच की. त्याच हातांनी आधी एक भुरटा चोर बडवून मारलेला असतो, आणि ते निस्तरायलाच तर हा शेट्टीच्या दारात जातो. आता एन्काउंटरवाला कुठलाही पिक्चर लागला की मी आधी तो चोर शोधते.

भाकरतुकडा
गॅदरिंगला मी अफझलखान. पोटाला कुंकवाच्या पाण्याची पिशवी, वाघनखं पुठ्ठ्याची. महाराज झालेल्या मित्राने मिठी मारायच्या आधीच पिशवी फोडली. पब्लिक तरीही खूश, पहिलीतलं एक कार्टं तर चप्पल घेऊन स्टेजवर. आई पुढे कित्येक दिवस "या खानसाहेब, जेवायला" म्हणायची. नैतिक-बैतिक माहीत नाही, मेल्यावर टाळ्या मला पडल्या.

रिकामटेकडा
@भाकरतुकडा, हाहा! पडद्यावरच्या खलनायक निळूभाऊ फुलेंना तर बायाबापड्या खऱ्या शिव्या घालायच्या म्हणतात. आणि माणूस राष्ट्र सेवा दलातला!

डंकावरची
'मिर्च मसाला' (१९८७) कुणालाच आठवला नाही? आमचा कांडपाचा डंक होता. चैत्रात तोंडाला ओलं फडकं बांधूनही ठसका थांबायचा नाही, रात्री चुकून बोट डोळ्याला लागलं की रडारड. त्यामुळे बाया सुभेदारावर तिखट फेकतात आणि नसिरुद्दीन शाह किंचाळतो, तेव्हा आईने "बाई गं" म्हणून डोळे मिटले आणि त्याच दमात म्हणाली, "अजून टाका."
तो मेला की नाही, सिनेमा सांगतच नाही. मला तो शेवट पटतो. मुखीपासून (गावचा प्रमुख) सगळं गाव सोनबाईला सुभेदाराच्या हवाली करायला निघालेलं, ती लपली त्या मिरचीच्या कारखान्याचं दार राखणारा म्हातारा अबू मियाँ गोळी लागून गेलेला. आता कुठल्या कायद्याची वाट बघायची त्या बायांनी? ठाकूरने गब्बरला हातात आल्यावर मारलं. इथे सुभेदार दार फोडून आत आला होता. फरक आहे.

खात्यातली लेक
@डंकावरची, हे पटलं.

कोकमसार
@डंकावरची, मलाही. बरं, डंक अजून चालू आहे का? आमच्याकडे मसाला व्हायचाय. ब्याडगी किती, संकेश्वरी किती?

डंकावरची
भावाने चालू ठेवलाय. दोन किलो ब्याडगीला एक किलो संकेश्वरी. लवंगी मूठभरच, घरात म्हातारी माणसं असतील तर तीही नको. आणि मिरच्या आधी दोन दिवस कडक उन्हात घाला, देठं काढून.