झ्युरिकमध्ये जेवायचं कुठे? जरा लवकर सांगा

उपाशी_पाहुणा:
ईटीएच विद्यापीठात आलोय. तीन दिवस ब्रेड-चीजवर काढले. काल स्टेशनजवळ एका ठिकाणी साधा पास्ता आणि पाण्याची बाटली घेतली, ३४ फ्रँक! घास घशाखाली उतरेना. आज बघावं तर सगळी दुकानं बंद. परवडेल असं काही आहे का इथे?

तिरफळ:
शाकाहारी का? किती दिवस? खोलीत शेगडी आहे? काहीच न सांगता "लवकर सांगा"!

रानवारा:
आज रविवार आहे हो, इथे दुकानं बंदच असतात. मुख्य स्टेशनच्या खाली शॉपव्हिल आहे, तिथली उघडी असतात. आत्ता निघा. आणि पाणी विकत कसलं घेता? शहरात १२०० च्या वर कारंजी आहेत, बहुतेकांचं पाणी प्यायचंच. बाटली धरा नि भरा.

जुना_पुणेकर:
आम्ही म्युनिकला होतो तेव्हा सौ.ने दिलेल्या भाजणीवर महिना काढला. हल्लीच्या पोरांना बाहेरचंच लागतं.

तिरफळ:
काका, त्याने म्युनिक विचारलेलं नाही.

उपाशी_पाहुणा:
शाकाहारी, अंडं चालतं. तीन आठवडे. शेगडी नाही, किटली आहे.

काटेकोर:
कॅम्पस कुठला? सेंट्रुम की ह्योंगरबर्ग? विद्यार्थी आहात का? मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, एकाच ताटाला विद्यार्थी, कर्मचारी आणि बाहेरचे असे तीन भाव असतात. कार्ड दाखवलं नाही तर बाहेरच्याचा भाव लागतो.

उपाशी_पाहुणा:
ह्योंगरबर्ग. विद्यार्थी नाही, पाहुणा संशोधक. शुक्रवारी बाहेरच्याच भावाने जेवलो बहुतेक! कोणी बोललंच नाही.

काटेकोर:
कोण कशाला बोलेल? उद्या सकाळी विभागाच्या सेक्रेटरीबाईंना गाठा, पाहुण्यांचं कार्ड मिळतं का विचारा. दुपारी मेन्सातच पोटभर जेवायचं, रात्री हलकं.

रानवारा:
एक दिवस हिल्ट्लला जाच. १८९८ पासूनचं शाकाहारी हॉटेल, बुफेत भारतीय पदार्थही असतात.

काटेकोर:
परवडेल असं विचारलंय त्याने.

रानवारा:
वजनावर घ्यायचं. लोक भात नि रस्सा वाढून घेतात आणि काट्यावर ताट ठेवलं की चेहरा पडतो. मी पालेभाज्या, फलाफल, तळलेली वांगी घेते. ताट डोंगराएवढं दिसतं, काटा जेमतेम हलतो.

काटेकोर:
आणि दोन तासांनी परत भूक.

तिरफळ:
किटली आहे ना? मग पातळ पोहे! गरम पाण्याने भिजवायचे, निथळायचे, मीठ-साखर, लिंबू, वरून शेव. दहा मिनिटांचं काम. मिग्रोस-कोप या सुपरमार्केटांमध्ये संध्याकाळी बंद व्हायच्या आधी सॅलड-सँडविचवर सूट असते, स्टिकर बघून उचलायचं.

जुना_पुणेकर:
पोहे भिजवून? फोडणी नाही, हिंग नाही. याला पोहे म्हणत नाहीत.

तिरफळ:
मग तुमच्याकडून फोडणी पाठवा पार्सलने.

उपाशी_पाहुणा:
शॉपव्हिलमधून आलो. दही, केळी, पाव, टोमॅटो, सगळं मिळून १३ फ्रँक. बाटली कारंज्यावर भरली, पाणी बर्फासारखं गार. कार्डाचं उद्या बघतो.

पातळ पोहे कुठे मिळतील पण?